ताईला धाप लागेना

"म्हणजे ही खंगली, तर ठणठणीत?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

माझी थोरली बहीण लांब पल्ल्याची धावपटू. निवडचाचणीआधीच्या तपासणीत तिच्या हृदयाची भिंत जाड निघाली आणि ठोके इतके संथ, की नर्सबाईंनी आधी वायरी तपासल्या, मग ताईला नाव विचारून पाहिलं. जाडी वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, नाहीतर एका आजाराने, ज्यात माणूस धावता धावता कोसळतो. कुठली ते कळायला तीन महिने सराव बंद. सरावाची असेल तर उतरेल, मग खुशाल धावा. आजाराची असेल तर उतरणार नाही, आणि धावणं कायमचं संपलं.

"आणि निवडचाचणी?" ताईने विचारलं.

"ती तुमच्याशिवाय होईल."

घरात सगळंच उलटं झालं. ताई नुसती भरभर चालली तरी आई ओरडायची, "बरं व्हायचंय ना तुला? मग लोळत पड की!" बाबा जिन्याच्या वर उभे.

"धाप लागली?"

"नाही."

बाबांचं तोंड उतरायचं. मी धीर द्यायचो, "लागेल गं. मला बघ, लहानपणापासून लागते."

"तुझं हृदय चांगलंय म्हणायचं," ती म्हणाली. हा टोमणा होता की कौतुक, मला अजून कळलेलं नाही.

एक दिवस ती चौथ्या मजल्यावर कठडा धरून थांबली. तोंड उघडं. "अहो, लागली!" आई किंचाळली. बाबा एकाच चपलेत धावले. शेजारच्या काकू अभिनंदन करून गेल्या, कशाबद्दल ते न विचारता. ताई आधी हसली की आधी रडली, यावर घरात एकमत नाही.

तपासणीत भिंतीची जाडी उतरली होती. ठोकेही माणसात आले होते. "धावा खुशाल. अगदी साधारण हृदय आहे," डॉक्टर म्हणाले. ताईच्या कशालाही आजवर कुणी साधारण म्हटलं नव्हतं. आम्ही पेढे वाटावेत की गप्प बसावं, कळेना.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत मैदानावर गेलो. सवयीने ती सगळ्यांत आतल्या पट्ट्यात शिरली. तो पट्टा वेगवान माणसाचा. मागून हाक आली, की हळू धावणाऱ्याने बाहेर व्हायचं. पहिल्याच फेरीत मागून एक मुलगी ओरडली, "ताई, बाजूला!"

कुणाला म्हणतेय, म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. ताईने बघितलं नाही. ती बाहेरच्या पट्ट्यात सरकली, मुलीला वाट दिली, आणि धापा टाकत धावत राहिली.