इलियास फिटरचा शिक्का

बसऱ्याहून आलेल्या एका पत्राची आठवण मला अजून येते. ते पत्र आणि मी चार महिने एकाच खिशात राहिलो. त्याला उत्तर हवे होते. उत्तर देणारा माणूस तो खिसा रोज अंगावर घालून हिंडत होता. पण त्याने उत्तर दिले नाही.

मित्रांनो, मी एक जुना पितळी शिक्का आहे. उंचीने तुमच्या अंगठ्याएवढा. आता कोणतीही बँक मला ओळखत नाही. ज्याला जन्मभर एकच नाव उमटवता आले, त्याने एवढे बोलावे का, असे मलाही वाटते. मला नीट सांगता येईल याचीही खात्री नाही. तरी सांगतो, कारण ते नाव चांगल्या माणसाचे होते.

माझा जन्म साताऱ्याचा. तेथे नाथाजी नावाचा कारागीर भांड्यांवर नावे घालून देई. लढाईचे दिवस होते. सांगलीचा एक तरुण फिटर, इलियास, भरतीचे कागद करायला साताऱ्यास आला होता. इराकातल्या बसऱ्याच्या लष्करी वर्कशॉपात त्याला काम मिळाले होते.

"नाव उलटं कोरतोय, बघून दचकू नगा," नाथाजी म्हणाला. "कागदावर सुलट हुईल."

"कागदावर सुलट आलं म्हंजे झालं," इलियास हसला. "मी तिकडं, नाव हिकडं. माझ्या माघारी तेवढं इमानानं राहू दे."

ते ऐकले आणि आपण आता नुसते पितळ राहिलो नाही, असे मला वाटले. किती ताठलो होतो मी त्या दिवशी!

सांगलीच्या पेठेत एक लहानशी बँक होती. पगाराचा मोठा भाग बसऱ्याहून परस्पर तेथे जमा व्हावा आणि घरचे माणूस मला घेऊन आले की त्याला पैसे मिळावेत, अशी सोय इलियासने करून घेतली. कारकुनाने विचारले, "शिक्का कुणाकडं ठेवणार? मंडळींकडं?"

इलियास कानापर्यंत लाजला. "थोरला भाऊ असताना बायकोकडं? लोक हसतील की साहेब!"

कारकूनही हसला. कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. पत्रेसुद्धा थोरल्या भावाच्याच नावाने यायची आणि बायकोची खुशाली शेवटच्या ओळीत विचारली जायची. रीतच तशी होती.

थोरला भाऊ दस्तगीर हळदीच्या बाजारात तोलाईचे काम करी. पहिले वर्षभर तो मला फार जपत असे. बँकेतून घरखर्चाचे पैसे काढले की सदऱ्याच्या टोकाने माझी शाई पुसायचा आणि शेजाऱ्याला म्हणायचा, "भावाचं नाव हाय गड्या, डाग पडाय नको." मला त्याच्या हाताची ऊब आवडू लागली होती.

मग हळदीचा हंगाम आला. एके सकाळी दस्तगीरने मला घरखर्चापेक्षा कितीतरी मोठ्या रकमेखाली दाबले. त्या पैशाची हळद घेतली आणि ती पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, स्वतःच्या नावाने ठेवली. भाव चढला. हळद विकली गेली. आता पैसे खात्यात परत येणार म्हणून मी वाट पाहिली. आली ती आणखी हळद. पुढच्या पगारावर पुन्हा मी. मित्रांनो, माझा ठसा पूर्वीइतकाच स्वच्छ उमटत असे. त्यात खोटे काही दिसत नव्हते, हेच मला सोसत नसे.

घरी इलियासची बायको सुरय्या आणि लहानगी शमशाद दस्तगीर देईल त्यात भागवत. "लढाईपायी बँक पैसं सोडत न्हाई," असे तो सांगायचा. लढाई संपली तेव्हा सुरय्याने विचारले, "भाईसाब, आता तरी सोडंल का बँक?"

"सरकारी काम हाय. टाइम लागतो."

अशात ते पत्र आले. दस्तगीरने अंगणात उभे राहून मोठ्याने वाचले, "तब्येत बरी आहे. शमशादला दुवा." एवढेच वाचले आणि पत्र बंडीच्या खिशात, माझ्याशेजारी सारले.

चार महिन्यांनी एका धुण्याच्या दिवशी दस्तगीर खिसा रिकामा करायला विसरला आणि सुरय्याच्या हाती आम्ही दोघेही लागलो. पत्राची घडी एवढी जाड पाहून ती थबकली. शेजारी विनोदिनीबाई राहत, मुलींच्या शाळेत शिकवीत. ओल्या हातांनीच सुरय्या त्यांच्याकडे गेली आणि बाईंनी वाचून दाखवले:

"वेल्डिंगने डोळे अधू झाले आहेत. संध्याकाळी माणूस ओळखू येत नाही. लेथ मशीन घेण्यापुरते पैसे खात्यात साठले असतील तर परत येतो आणि सांगलीतच वर्कशॉप टाकतो. साठले नसतील तर आणखी तीन वर्षांचा करार करावा लागेल. सहा महिन्यांत सही करायची आहे. दादा, लवकर कळवा."

चार महिने तर खिशातच गेले होते.

दोघी मला घेऊन बँकेत गेल्या. कारकुनाने मला पाहिले आणि चष्मा वर केला. "बाई, यात आता काही नाही. खातं चालू राहण्यापुरतं आहे, बस. गेल्या आठवड्यातच तुमच्या थोरल्या दिरांनी नेले."

"ह्या शिक्क्यानं?"

"ह्यानंच."

सुरय्याने मूठ उघडली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

त्या दुपारी दस्तगीर जेवायला बसला तेव्हा तिने विचारलेच. तो भाकरी मोडत म्हणाला, "एका घरात तुझं-माझं कवापास्नं आलं गं? पैसा काय मी गावाला वाटला? हळद हाय ती."

"मग खात्यात का न्हाई आला?"

"आज काढली तर तोटा. राहू दे की त्याला आणखी तीन वर्सं. तिकडं काय कमी हाय?"

"त्यांचं डोळं चाललं, भाईसाब."

"वयानं सगळ्यांचंच जात्यात," असे म्हणून त्याने कालवण मागितले.

सुरय्याने वाढले. मग पदराखाली मला घट्ट धरून ती विनोदिनीबाईंकडे उत्तर लिहायला गेली.

"पण अक्षर माझं," बाई म्हणाल्या. "सख्ख्या भावाविरुद्ध हे खरं वाटेल त्यांना? आणि उद्या दस्तगीरभाईंनी दुसरंच काही लिहिलं तर?"

सुरय्या उठली. तव्याचे काजळ बोटाने काढले, त्यात तेलाचा थेंब घातला आणि मला त्यात बुडवून पत्राखाली टेकवले. "भाईसाबांच्या हातात असताना हा त्यांच्या पत्राखाली कवा उमटला न्हाई," ती म्हणाली. "आता माझ्या हातात हाय, हे कळंल त्यास्नी. वर लिवा बाई: मशीन न्हाई. पैसं न्हाईत. खालचा शिक्का मेला, आता त्यावर पैसं देऊ नका, म्हणून बँकेला कळवा. सही करू नका. डोळं शाबूत घिऊन या, बाकी बघू."

माझाच ठसा मला मोडायला सांगत होता. तरी खरे सांगतो, पुष्कळ दिवसांनी माझे नाव सुलट उमटल्यासारखे वाटले.

मित्रांनो, नात्यांवर भरवसा ठेवू नका असे मी म्हणणार नाही. तेवढे शहाणपण माझ्यात नाही. पण आपले नाव कोणाच्या हाती द्याल, तेव्हा ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांना अंधारात ठेवू नका. आणि कोणी आपले नाव विश्वासाने तुमच्या हाती दिले, तर नुसता शिक्का पुसून चकचकीत ठेवू नका. त्याच्या पत्राला उत्तर द्या.

सुरय्या आणि बाई पत्र टाकायला निघाल्या तेव्हा दस्तगीर बोळाच्या तोंडाशी उभा होता. बंडीचा खिसा त्याने चाचपला होता.

"शिक्का दे. त्याबिगर पाऊल टाकायचं न्हाई."

या महिन्याचा पगार अजून जमा व्हायचा होता. मी त्याच्या हाती गेलो की तोही जाणार, हे सुरय्याला ठाऊक होते. क्षणभर तिची बोटे माझ्याभोवती आवळली, मग तिने मला त्याच्या तळहातावर ठेवले.

"शानी हायेस," तो म्हणाला आणि सवयीने सदऱ्याच्या टोकाने मला पुसू लागला. काजळ निघेना.

सुरय्या त्याच्या बाजूने पुढे गेली, नाक्यावरच्या लाल पेटीपाशी थांबली आणि पदराआडून पाकीट काढून तिने आत टाकले.