दोन हातांचा एक आकडा

मला जुना म्हटले तरी चालेल, मित्रांनो, माझी काही हरकत नाही. माझ्या मुठीवरचे रबर झिजले आहे, अंगावरचा निळा रंग जागोजागी उडाला आहे आणि आकड्याच्या खिडकीवर एक लांब ओरखडा आहे. मी हाताची पकड मोजणारा पकडमापक. दवाखान्याच्या तळमजल्यावर, व्यायामाच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. कोणी मला मुठीत धरून दाबले की किती जोर लागला ते मी किलोत सांगतो. काम एवढेसेच, पण त्यातूनही एखाद्याचे केवढे नुकसान होऊ शकते, ते मी याच टेबलावर पाहिले.

तुमच्या घरातला मोबाईल माझ्या नात्यातलाच. त्याच्या काचेला बोट कुठे टेकले ते कळते. दाबायचीही गरज नसते, इतकी ती हळवी असते. माझी कातडी जाड. नुसत्या स्पर्शाने मला काही होत नाही, मला जोर लागतो. माझ्या पोटात पोलादाची एक पट्टी आहे आणि तिच्यावर केसाहून बारीक अशी नागमोडी तार चिकटवली आहे. मूठ आवळली की पट्टी वाकते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. तिच्याबरोबर तार ताणली जाते. ताणलेल्या तारेतून वीज जरा अडखळत जाते, आणि ती किती अडखळली त्यावरून मी जोर ओळखतो.

कारखान्यात ही तार ज्या बाईंनी चिमट्याने उचलून पट्टीवर बसवली, त्यांनी तेव्हा श्वास रोखून धरला होता. नंतर त्यांनी मला ठरावीक वजने टांगून बघितली. प्रत्येक आकडा बरोबर आला. तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा काही खोटं बोलायचा नाही." हे वाक्य मी फार दिवस मिरवले. नव्या माणसाच्या हातात जातानाही मी मनातल्या मनात कॉलर ताठ करत असे.

सुरुवातीची वर्षे खरोखर मानाची होती. बोट मोडलेले खेळाडू यायचे, बाळाला उचलून उचलून मनगट धरलेल्या आया यायच्या, दिवसभर यंत्रावर काम करणारे कामगार यायचे. आकडा वाढला की माणसे मला पाठीवर थाप मारावी तशी थोपटायची. या खोलीतल्या फिजिओथेरपिस्टना सगळे ताई म्हणतात. ताई मला रोज मऊ फडक्याने पुसायच्या आणि तळहातावरच्या फोडासारखे जपायच्या.

पण खोली भरलेली असली की ताईंच्या नाकी नऊ यायचे. एकीचा गुडघा वाकवायचा, दुसऱ्याचा खांदा फिरवायचा, तिसऱ्याला काठी घेऊन चालवायचे. मग त्यांनी एक सोय काढली. माझे वजन रुग्णाच्या हाताला पेलत नसे, म्हणून त्या मला सोबत आलेल्या नातेवाइकाच्या हाती द्यायच्या. "तुम्ही खालून नुसतं धरा," असे सांगायच्या, आणि खोलीच्या पलीकडून विचारायच्या, "किती?" नातेवाईक आकडा वाचायचे. यात कोणाला काही वावगे वाटले नाही, मलाही नाही.

अशातच एक दिवस सलूनवाले काका आले. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. पाय हळूहळू परतला, जीभ तर पहिल्या आठवड्यातच परतली, पण उजवा हात तसाच लोंबत राहिला. सोबत काकू होत्या.

"ताई, उजवा हात संपावर गेलाय," काका म्हणाले. "मागण्या काय आहेत तेही सांगत नाही."

"दाबा बघू," ताई हसत म्हणाल्या.

काकांनी दात-ओठ खाऊन मला दाबले. मी दोन दाखवले.

"दोन किलो? दोन किलोचं तर आमचं मांजर आहे!" काका म्हणाले. सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही.

त्यांना दुकान परत उघडायचे होते. त्यांच्या हाताखाली डोके दिले की माणसे खुर्चीतच झोपी जायची, असे ते सांगत. ताईंनी त्यांना समजावले होते की सुरुवातीचे महिने सोन्याचे असतात, या दिवसांत हात जेवढा शिकेल तेवढा पुढे शिकत नाही. म्हणून चेंडू दाबणे, ओला टॉवेल पिळणे, स्प्रिंग आवळणे असे जोराचे व्यायाम रोज चालायचे. आणि मी रोज दोन सांगायचो. पुन्हा दोन. पुन्हा दोन. हळूहळू काकांचे विनोद आटले. एकदा ते दाबता दाबताच थांबले आणि म्हणाले, "बस्स झालं. उद्यापासून यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी काकू त्यांना कसेबसे घेऊन आल्या, मला खालून धरले, आणि काकांनी दाबताच काकूंची दोन बोटे खालच्या बाजूने, काकांना न दिसता, माझ्या मुठीवर चढली.

आधी मला वाटले, चुकून लागली असतील. पण ती बोटे ठामपणे दाबत होती. मला दोन्ही जोर वेगवेगळे जाणवत होते, मित्रांनो. एक जाड, संथ, थरथरणारा. दुसरा बारीक, चटकन आलेला, पक्का. पण माझ्या खिडकीत आकडा एकच उमटतो. जोर किती ते मला सांगता येते, कोणाचा ते सांगता येत नाही. मी बेरीज केली आणि पाच दाखवले.

"पाच!" काका ओरडले.

"वा, काका!" पलीकडून ताई म्हणाल्या.

काकूंनी हात मागे घेतला आणि लाल झालेली बोटे रुमालात गुंडाळली. त्या दिवशी काका जाताना शीळ घालत होते, आणि मी टेबलावर मेल्याहून मेल्यासारखा पडलो होतो.

पुढे आकडा वाढतच गेला. सहा, आठ, अकरा. काकूंचे बोट कधी थोडे कमी दाबायचे, कधी थोडे जास्त, पण दाबायचेच. त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत. आकडा बघून ताईंनी जोराचे व्यायाम बंद केले आणि बारीक कामे सुरू केली. बटणे उचलणे, कागद कापणे. काकांच्या हातून कात्री पडायची. ताई म्हणायच्या, "जोर आलाय काका, सरावच कमी पडतोय." काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हो ना, हा साक्षीदार आहे की." ते ऐकून मला वाटे, कोणी तरी मला एकदा जमिनीवर आपटावे म्हणजे सुटेन. सोन्याचे महिने असे माझ्या साक्षीने निघून गेले.

दुकान उघडायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी काकू दुकान झाडायला गेल्या आणि पुतण्याने काकांना दवाखान्याच्या दाराशी सोडले. सोबत कोणी नव्हते, म्हणून ताईंनी स्वतः मला धरले.

मी चार दाखवले.

"पुन्हा दाबा," ताई म्हणाल्या. पुन्हा चार. त्यांनी माझी बॅटरी बदलली. पुन्हा चार. मग कपाटातून वजन काढून त्यांनी माझ्या मुठीला टांगले. माझा आकडा वजनावर कोरलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. बिघाड माझ्यात नव्हता. त्या क्षणी मला तो असावा असे फार वाटले.

काकांनी वाकून वजनावरचा आकडा वाचला. मग म्हणाले, "रोज खालून ही धरायची. म्हणजे इतके दिवस पकड आमच्या हिची सुधारत होती." कोणी हसले नाही.

थोड्या वेळाने काकू त्यांना न्यायला आल्या. हाताला धूळ होती आणि मुठीत दुकानाची किल्ली. टांगलेले वजन बघताच त्यांना सगळे कळले. त्या दारातच थबकल्या.

"अहो, तुम्ही जेवण टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "आकडा वाढला की दोन घास जास्त खायचात. रोज ठरवायचे, आज नाही दाबायचं. पण तुमचा चेहरा बघितला की बोट आपोआप जायचं."

"उद्या मी कोणाच्या तरी गळ्यावर वस्तरा ठेवणार होतो," काका म्हणाले. "हे आलं नाही तुझ्या मनात?"

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. "आलं होतं. रोज यायचं."

ताई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "काकू, चूक माझी जास्त आहे. मी पलीकडून आकडा विचारत राहिले. एकदा जवळ येऊन काकांचा हात हातात घेतला असता तरी मला कळलं असतं."

तिघांनी खाली माना घातल्या होत्या. पण काकूंशिवाय पहिल्या दिवसापासून खरे ठाऊक असलेला मी एकटाच होतो. मला तोंड नाही, ही सबब मी स्वतःला किती तरी वेळा देऊन पाहिली. तिने समाधान होत नाही.

चेंडू आणि टॉवेल परत आले. काका नेटाने घाम गाळायचे. काकू लांबच्या खुर्चीवर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायच्या, आणि काका त्यांच्याशी बोलायचे नाहीत. चाराचे पाच व्हायला फार दिवस गेले, पाचाचे सहा व्हायला त्याहून जास्त. मग आकडा तिथेच थांबला. ताईंनी सांगितले होते तसेच झाले. कात्री-वस्तरा पुतण्याच्या हाती गेला. काका आता दुकानात बाकावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात, असे ऐकतो.

सहावर अडकलेल्या त्या दिवसांतच काका एकदा दाबता दाबता थांबले. "अगं, इतक्या लांब काय बसतेस? इकडे ये. हात लावू नकोस, नुसती बस." काकूंनी खुर्ची ओढली आणि त्या शेजारी येऊन बसल्या.

शेवटच्या दिवशी निरोप घेताना काकांनी उजवा हात पुढे केला. ताईंनी तो हातात घेतला. काकांनी होता नव्हता तेवढा जोर लावला.

"किती?" त्यांनी विचारले.

"आकडा नाही सांगता येणार," ताई म्हणाल्या. "पण सोडवून घ्यायचा तर मला ओढावा लागेल."

काकू हसल्या आणि रडल्याही. मी बाजूला टेबलावर चालूच होतो. माझ्या खिडकीत शून्य होते.

मित्रांनो, मला पाडू नका, ओला करू नका, हे तर आहेच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमचे कोणी मला दाबत असेल आणि आकडा लहान आला, तर त्यात आपले बोट मिळवू नका. त्यांना तो लहानच आकडा ऐकू द्या. मग मला बाजूला ठेवा आणि त्यांचा हात हातात घ्या.