जाळीवरची पाटी

ठमीचं अंगावरचं दूध सुटलं की मी पुन्हा घराखालच्या गॅरेजात यायचं, असं सासऱ्यांनीच ठरवलं होतं. लग्नाआधी मी तिथेच कामाला होते. दूध सुटलं, ठमी भिंत धरून चालायलाही लागली, तरी कुणी विषय काढेना.

त्या दुपारी ड्रायव्हरकाका नव्या टेम्पोबद्दल बोंबलतच आले. "चढ आला की गाडी मान टाकते. खाली उतरून ढकलू का आता?"

नवऱ्याने आधीच टर्बोचा दाब वाढवून पाहिला होता. गाडी आणखीच रडायला लागली होती. मी ठमीला कडेवर घेऊन जिना उतरले. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबलेली हवा तापते, फुगते, मग हवी तेवढी आत मावत नाही. म्हणून पुढच्या जाळीमागे इंटरकूलर असतो, वाऱ्यावर ती हवा निववायला. गाडी नुकतीच चढावरून आली होती. इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपला हात लावला, चटका बसला. तिथून निघणाऱ्या पाइपला लावला, तिथेही तोच चटका.

"हवा निवतच नाहीये," मी म्हटलं. "वारा अडलाय."

कशाने, ते सगळ्यांना दिसत होतं. आपल्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या जाळीवर सासरे स्वतःच्या नावाची भलीमोठी पत्र्याची पाटी बसवत. जुन्या, बिनटर्बोच्या गाड्यांना ते खपून गेलं होतं.

"बाबांची पाटी काढायची? तूच सांग बाई," नवरा कुजबुजला.

सांगितलं. सासरे ठमीचा गाल ओढत म्हणाले, "बघ गं, तुझ्या आईला माझं नाव जड झालं!" सगळे हसले. मीही हसले, काय करणार?

पाना घेऊन पाटी मीच उतरवली. काका चढ चढून परत आले ते हॉर्न वाजवतच. "पळतेय की! सूनबाई, यापुढे माझी गाडी तुम्हीच बघायची."

सासऱ्यांनी पाटी टेम्पोच्या दारावर लावली.

संध्याकाळी नवरा वर आला. "बाबा गॅरेजात एक नवा माणूस ठेवतायत. त्याला टर्बोचं फारसं येत नाही. तू शिकव ना, जिन्यात बसून. ठमीपण तुझ्याजवळ राहील."

इतक्या मायेने बोलला, की रागवायचं तरी कशावर? ठमी माझ्या काळ्या नखांशी खेळत होती. तिला मांडीवर ओढलं आणि हो म्हटलं.

नाही म्हटलं असतं, तर जिनाही गेला असता.