मास्तरांचा नेम चुकला तेव्हा

घड्याळजींना त्यांच्या पोरीचं बोलणं काही पटत नव्हतं. आठ दिवस झाले नाहीत पूल, तो काठीनं चेंडू टोलवायचा टेबलावरचा खेळ, शिकायला लागून, आणि म्हणे, "बाबा, मी मास्तरांना दोनदा हरवलं!" चाळीस वर्षं त्या हिरव्या टेबलाभोवती फिरलेला माणूस बारा वर्षांच्या पोरीकडून हरतो? कुठेतरी पाणी मुरत होतं.

"खोटं खोटं जिंकवून तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवत असतील, तर शिकवणी आजपासून बंद," त्यांनी बजावलं आणि दुकान लवकर बंद करून ते तिच्याबरोबर निघाले. पोरगी वाटभर दोन पावलं मागंच रेंगाळत होती.

सायकलच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत मास्तरांनी त्यांना स्टूल दिलं. घड्याळजी टेकले नाहीत. "पोरीकडून हरलात म्हणे?"

"हरलो की! डाव्या हातानं खेळत होतो. सांगितलं नाही वाटतं हिनं?"

पोरगी बुटांकडे बघू लागली.

"आज उजव्या हातानं होऊन जाऊ दे," घड्याळजी म्हणाले. "माझ्यासमोर."

"जरूर. परवा आम्ही आठ नंबरचा डाव खेळलो. त्यात एकानं सात एकरंगी चेंडू टेबलाच्या कडेच्या भोकांत, म्हणजे पॉकेटांत, घालायचे, दुसऱ्यानं सात पट्ट्यांचे. काळा आठ सगळ्यांत शेवटी. घाई करून आधी घातला, तर डाव गेला. आज नऊ नंबरचा खेळू. एक ते नऊ, एवढेच चेंडू. काठीनं मारायचा तो पांढरा चेंडू दर वेळी टेबलावरच्या सगळ्यांत लहान आकड्याला आधी लागला पाहिजे. नियमानं नऊ घातला, की डाव जिंकला."

"आणि लहान आकड्याला आधी नाही लागला तर?"

"मग पांढरा समोरच्याच्या हातात. हवा तिथे ठेवून खेळायचा."

पोरीनं डाव फोडला. एक गेला, दोन गेला, तीन हुकला. मास्तरांनी तीन घातला. आता चार पॉकेटपासून जेमतेम वीतभर होता. आंधळ्यानंही घातला असता. मास्तर वाकले, अलगद टोला दिला, आणि चार पॉकेटच्या बाजूनं जाऊन कडेला आपटला. पांढरा लोळत लोळत लांब जाऊन थांबला.

"धरलं!" घड्याळजींनी टेबलावर बोट आपटलं. भिंगातून केसाएवढे स्क्रू बघणारे डोळे ते. "मुद्दाम चुकवलात!"

"मुद्दामच," मास्तर शांतपणे म्हणाले.

पोरीचा चेहरा पडला. "मास्तर! आता बाबा मला येऊ देणार नाहीत."

"चल पोरी," घड्याळजी म्हणाले.

"जाल हो. आधी इकडे या. पांढऱ्याच्या मागं वाका, तिच्या जागी. चार दिसतो का?"

घड्याळजी नाराजीनं वाकले. एक डोळा मिटला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "सात दिसतोय. चार त्याच्या मागं गेलाय."

"आणि लावायचा आहे चारलाच."

घड्याळजी वाकलेलेच राहिले. या गृहस्थानं पोरीला सोडलं नव्हतं, चांगलं कोंडलं होतं!

पोरीनं ओठ चावले. पांढरा कडेवर आपटून वळवायचा प्रयत्न केला, पण तो आधी पाचला लागला. मास्तरांनी पांढरा उचलला, हवा तिथे ठेवला आणि चारपासून नऊपर्यंत टेबल झाडून काढलं. एकदाही थांबले नाहीत.

"हे तर मला कधी शिकवलंच नाही!" पोरगी रडकुंडीला आली.

"डाव्या हातानं जमत नाही मला ते," मास्तर म्हणाले.

पोरीनं बापाकडे बघितलं. "बाबा... उद्या येऊ ना?"

घड्याळजींनी पॉकेटांतून सात आणि चार शोधून काढले. मघाशी होते तसे ठेवले, पांढरा सातच्या आड सरकवला आणि पुन्हा एक डोळा मिटला.

"उद्याचं उद्या. आत्ताशी साडेचार वाजलेत. आधी इथून सुटून दाखव."