एकशेबेचाळीसावी फेरी

धृतीने मोजणीला मुद्दाम सुहृदलाच बसवलं होतं. स्वतःचा विक्रम मोडला जाताना त्याने तो स्वतःच्या हाताने, एकेक फेरी करत लिहावा, एवढंच तिला हवं होतं. ध्यानाला बसलं की बाकीच्यांना ज्योत दिसायची. हिला गेली अकरा वर्षं सुहृदचं तोंड दिसत होतं.

दोघंही अमेरिकेतल्या क्वीन्समधलीच. ती जन्माची मार्जरी, तो डेल; ही नवी नावं गुरूंनी ठेवलेली. माणसाने रोज स्वतःला ओलांडावं, असं गुरू सांगत, आणि त्यासाठी विक्रम असा निवडावा की बघणाऱ्याला हसू फुटलं पाहिजे. लोक हसले की अहंकाराची सालं निघतात म्हणे. म्हणून त्यांच्या शिष्यांत कुणी मैलच्या मैल उलटं धावायचा, कुणी बादलीत पाय घालून जिने चढायचा. धृतीने अननस निवडला. डोक्यावर उभा अननस ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही आणि शाळेच्या मैदानाला फेऱ्या घालायच्या. मान जरा वळली की अननस खाली आणि विक्रम संपला.

अकरा वर्षांपूर्वी तिने अशा एकशेतीस फेऱ्या घातल्या होत्या, आणि वही सुहृदकडे होती. वहीत एकशेदोननंतरच्या नऊ फेऱ्यांची नोंदच नव्हती. "उन्हाने डोळा लागला गं," असं म्हणून तो मोकळा झाला. विक्रमांच्या कचेरीतून नकार आला. दोन महिन्यांनी ह्याच साधूने अननस आपल्या डोक्यावर घेतला, एकशेएक्केचाळीस फेऱ्या मारल्या, आणि गुरूंनी आपल्या गळ्यातला हार काढून ह्याच्या गळ्यात घातला. पुढच्याच वर्षी गुरूंनी देह ठेवला. म्हणजे विक्रम परत मिळवता आला असता, पण तो हार कायमचा गेला. ही गोष्ट तिच्या काळजात अजून ठसठसत होती.

आज पहाटे पाचला ती चालायला लागली. दुपारी दोनपर्यंत वही संस्थेचा कारभार बघणाऱ्या सुनीतीकडे होती, मग ती सुहृदने घेतली. जूनचं ऊन, टाचांना फोड, मान लाकडासारखी ताठ. त्याच्या खुर्चीसमोरून जाताना तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याची पांढरी टोपी तेवढी दिसे.

"एकशेदहा! छान चाललीयस, धृती."

"नुसता आकडा सांग, डेल."

गुरूंनी दिलेलं नाव टाळून जुन्या नावाने हाक मारणं म्हणजे ह्या मंडळींत सरळ थोबाडीत मारणं. मग दोन-अडीच तास त्याने खरंच आकड्यापलीकडे काही म्हटलं नाही.

"एकशेछत्तीस," तो म्हणाला, आणि ती पुढे जाता जाता घाईने बोलला, "धृती, त्या दिवशी मला झोप लागली नव्हती."

तिला थांबता येईना, वळता येईना. पुन्हा त्याच्यापाशी यायला सहा मिनिटं लागली.

"मग काय झालं होतं?"

"एकशेसदतीस. मी मुद्दाम लिहिलं नाही. संध्याकाळी गुरू येणार होते. हार तुला मिळाला असता."

तिचं डोकं भणभणलं. अननस मात्र जागचा हलला नाही. पुढच्या फेरीला ती दात आवळूनच आली.

"अकरा वर्षं संस्थेच्या कॅफेत माझ्या हातचं सूप गिळत होतास, हरामखोरा!"

"हो," तो म्हणाला. "एकशेअडतीस."

त्याच्या त्या 'हो'चा तिला सगळ्यात जास्त संताप आला. पुढची अख्खी फेरी ती त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होती, आणि खुर्चीपाशी पोचल्यावर एकच शब्द बोलली, "लिही."

"काय लिहू?"

उत्तर द्यायला तिला आणखी एक फेरी घालावी लागली. "आत्ता बोललास ते. आजच्याच वहीत, शेऱ्याच्या रकान्यात. खाली सही."

एकशेएक्केचाळिसाव्या फेरीला तो खुर्चीतून उठून उभा होता. "अगं, ते लिहिलं तर माझी मोजणी कोण खरी धरेल? आजचा विक्रमही जाईल तुझा! एकच फेरी राहिलीय, ती घे पदरात. मी रविवारी सगळ्यांसमोर तोंडाने सांगतो."

ही शेवटची फेरी धृती सावकाश चालली. तो म्हणत होता ते खरं होतं. पण रविवारी काय होईल, तेही तिला स्वच्छ दिसत होतं. हा हात जोडून रडेल, सगळे ह्याला मिठ्या मारतील, केवढं मोठं मन म्हणतील. विक्रम हिच्याकडे येईल, आणि पुण्य पुन्हा ह्याच्याच पदरात पडेल. आपली माणसं ती चांगली ओळखून होती. चौदा तासांची पायपीट, अकरा वर्षांची तयारी, सगळं तिने त्या फेरीत उलटसुलट करून पाहिलं. अर्ध्या फेरीतच तिचा निर्णय झाला होता. उरलेली अर्धी ती मजेत चालली.

"एकशेबेचाळीस!" तो ओरडला. "मोडलास, धृती!"

तिने दोन्ही हातांनी अननस उतरवला, मान वळवली आणि त्याच्याकडे पोटभर पाहून घेतलं.

"लिही, डेल."

त्याने लिहिलं. आधी त्याने 'अविचाराने' असा शब्द घातला होता. तिने तो खोडायला लावून 'मुद्दाम' लिहून घेतलं. सहीसुद्धा पूर्ण नावाने घेतली. डेल हचिन्स.

दीड महिन्याने कचेरीचं पत्र आलं. त्याचा विक्रम रद्द झाला होता, आणि साक्षीदार भरवशाचा नाही म्हणून तिचाही दावा फेटाळला होता. त्या रविवारी सुनीतीने गुरूंच्या तसबिरीसमोर धृतीला उभं केलं. हातातोंडाशी आलेला विक्रम हिने सत्यापायी सोडला, असा त्याग आपल्यात कुणी केला नाही, आज हिने स्वतःला ओलांडलं, असं बरंच काही ती गहिवरून बोलली.

धृती खाली मान घालून उभी राहिली. कसला त्याग! जगात तिला जे सगळ्यात जास्त हवं होतं तेच तिने खुशीने दिलं होतं, पण ते डेलच्या नाचक्कीसाठी. आणि सौदा तिला आजही स्वस्त वाटत होता. हे एकट्या डेलला ठाऊक होतं, कारण 'लिही' म्हणतानाचा तिचा चेहरा त्यानेच पाहिला होता. पण आता त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

टाळ्यांचा कडकडाट झाला. माना वळवून सगळे पहिल्या रांगेतल्या डेलकडे बघायला लागले, तेव्हा त्यानेही हात उचलले आणि टाळ्या वाजवल्या. धृतीने मान वर केली आणि ते हात थांबेपर्यंत त्यांच्यावरची नजर काढली नाही.