चादरीखालचे हात

मोठे डॉक्टर, तुम्ही तिचे हात पाहिलेच नाहीत. रोज खाटेपाशी येत होतात, चेहरा बघत होतात आणि पुढे जात होतात.

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. जाड सुताचा, लोखंडी बकलाचा. मनोरुग्णांच्या वॉर्डात खाटेला अडकवलेला असतो. माणूस स्वतःला इजा करू लागला तर घटकाभर त्याचे हात धरायचे, एवढ्यासाठी मला विणले. पुढे इथे रीतच पडली. मोठ्या डॉक्टरांचा राउंड यायच्या आधी सगळ्यांना बांधायचे आणि चादर गळ्यापर्यंत ओढायची. वॉर्ड शांत दिसतो, सगळ्यांना शाबासकी मिळते. मलाही मिळाली. वॉर्डातल्या मावशी म्हणत, "हा पट्टा मोठा इमानी."

एकदा घड्याळे दुरुस्त करणारी एक मुलगी आली. महिन्यापूर्वी ती ठणठणीत होती. आता तिला झोप नव्हती. पाण्यात विष आहे म्हणे. थोरल्या बहिणीकडे बोट दाखवून म्हणे, "ही माझी ताई नाही. हिने ताईचा चेहरा लावलाय."

ताईने डॉक्टरांना सांगितले, "हिचा हात आपोआप पिळवटतो. तोंड सारखं चघळल्यासारखं करते. केसाएवढी स्प्रिंग बसवताना न थरथरणारा हात आहे हो हा."

"आत्ता कुठे पिळवटतोय?"

"आत्ता बांधलाय ना."

"ठरलेलं लग्न मोडलंय म्हणता. मग मन थाऱ्यावर कसं राहील, बाई?"

"लग्न तिनंच मोडलं. सुटले म्हणून आठवडाभर खुशीत गाणी म्हणत होती."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

दुसऱ्या दिवशी राउंड आला तेव्हा मावशी कुजबुजल्या, "ताई, बाहेर थांबा. साहेब रागावतील."

"रागावू देत. माझ्यावरच रागावतील ना?" ताईने माझे बकल सोडले, चादर ओढून काढली. "आता बघा."

मनगट पिळवटले. बोटे हवेत वळवळू लागली. तोंड रिकामेच चघळत होते. हाक मारली तरी डोळे हलले नाहीत.

डॉक्टर खाटेवर वाकले. मग म्हणाले, "उद्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारू."

"उद्या कशाला? फोन तुमच्या खिशातच आहे."

पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासले. रोगांशी लढणारे शरीराचे पहारेकरीच मेंदूला चोर समजून बडवत होते. मेंदूला सूज आली होती. संशय, भास, सगळे त्या सुजेतून आलेले. उपचार महिनोन् महिने चालले. मग एका सकाळी ती म्हणाली, "ताई, किती वाळलीस गं. आजारी मी होते का तू?"

भिंतीवरची घड्याळे ती आता पुन्हा दुरुस्त करते. मनगटावरची बारीक घड्याळे अजून जमत नाहीत. उशीर झाला, त्याची भरपाई झाली नाही.

माझे बकल गंजले आहे. मला टाकून द्या, माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, घरचे माणूस एकाएकी परक्यासारखे वागू लागले, तर वेड लागले म्हणून हात झटकू नका. मेंदूही आजारी पडतो. तपासायला लावा, भांडून लावा.

आणि मोठे डॉक्टर, त्याच खाटेवर तिच्याआधी एक पोस्टमन होता. त्याचेही तोंड असेच चघळत असे. त्याला भेटायला कुणी येत नव्हते. तो शेवटपर्यंत बांधलेलाच राहिला. त्याच्या कण्यातले पाणी तुम्ही का तपासले नाहीत? सांगा.