जाऊ दिलेला आवाज

मुंजाजीने डोळे उघडले तेव्हा बाभळीखाली एकही मेंढरू नव्हतं.

घटकाभरापूर्वी बहात्तर मेंढरं इथं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. भर उन्हात मेंढरं अशीच थांबतात, आणि तेवढा वेळ मेंढक्याला विसावा मिळतो. आता नुसती तुडवलेली माती होती. बांधाच्या पलीकडून त्याच्या बायकोची, बायडाबाईची, हाक आली.

"आवो! कडवळात शिरली! समदी कडवळात!"

युसूफ वडगावच्या मोहनरावांनी खतासाठी शेतात मेंढरं बसवायला त्यांना बोलावलं होतं, आणि पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "त्या तुकड्याकडं लक्ष ठेव बरं. कडवळ कापलंय, पाण्यावाचून फुटवा आलाय. किराळ लागंल." हे धनगराला सांगायची गरज नव्हती. पाण्याचा ताण पडलेल्या कडवळाच्या, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीच्या, कोवळ्या फुटव्यात विष असतं; तीच किराळ. पोटभर खाल्लेलं जनावर बघता बघता आडवं होतं.

तो उठून पळाला. पळताना एकच गोष्ट त्याला आतून पोखरत होती. मेंढरं गेली ती त्याच्या नकळत गेली नव्हती. म्होरक्या मेंढीच्या गळ्यातली घंटी हळूहळू लांब जाताना त्याने ऐकली होती. जागेपणी, स्वच्छ ऐकली होती. आणि जाऊ दिली होती.

दोन वर्षांपूर्वी तो धर्मापुरीच्या जुन्या देवळापाशी मेंढरं घेऊन थांबला होता. तिथं ओट्यावर त्रिंबकअप्पा नावाचा म्हातारा रोज बसायचा, जन्मभर विहिरी खोदलेला. मुंजाजीने त्याला आपलं कोडं सांगितलं होतं. नवी मेंढरं घेतली की सुख आठ दिवस टिकतं. पोरीचं लग्न झालं, पंधरा दिवस टिकलं. मग पुन्हा जैसे थे. असं का? अप्पा हसला होता. "भाईरून आणलेलं पाणी सांडतं बाबा. झरा आत लागला पायजे." त्याने श्वासाकडे बघत बसायला शिकवलं. आवाज आला तर येऊ दे, गेला तर जाऊ दे, विचार आला तर त्यालाही वाट दे.

मुंजाजी बसायला लागला, आणि खरंच काहीतरी लागलं. काही कारण नसताना छातीत निवांत वाटायचं. पण ते त्याने दुभत्या गायीसारखं जपायला घेतलं. बसला असताना बायडाबाईने हाक मारली की तो चिडायचा. तीही सोडायची नाही. "डोळं मिटून सुख तर मांजराला बी मिळतंय!"

बांधावर पोचला तेव्हा तीन मेंढ्या पडलेल्या होत्या. पाय ताठ, तोंडाला फेस. बाकीची खाली माना घालून ओरबाडत होती. बायडाबाई कानाला मोबाईल लावून उभी होती. फोनवर केजची जनावरांची डॉक्टर होती, स्वप्नाली म्याडम. मुंजाजीने दगड उचलला, हाकारण्यासाठी छातीत वारा भरला.

"थांबा!" बायडाबाईने त्याचा हात धरला आणि मोबाईलचा आवाज मोठा केला.

"काका, पळवू नका," डॉक्टर सांगत होती. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. "विष भिनलं की रक्तातली हवा अंगाला लागत नाही. पळाली की जागेवर जातील. ओरडू नका, दगड मारू नका. हळूच बाहेर काढा. पडलेल्यांना काही पाजू नका, श्वासनळीत जाईल. मी अर्ध्या तासात येते."

अर्धा तास. आणि दर घासाला विष आत जात होतं. घाई केली तर मरणार, उशीर केला तर मरणार.

मुंजाजीने दगड खाली ठेवला. मेंढरांना मेंढक्याची भीती वासासारखी कळते, हे त्याला ठाऊक होतं. असा घाबरलेला आत गेला तर मेंढरांचं सगळं खांड उधळणार.

त्याने एक श्वास सोडला. मग दुसरा. या वेळी डोळे उघडे होते आणि समोर चौथी मेंढी गुडघ्यांवर आली होती.

तो आत शिरला. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. जिभेने टाळूला तो टचक टचक आवाज करू लागला, रोज सकाळी वाघुरीच्या जाळीतून मेंढरं बाहेर काढताना करायचा तसा. उजवीकडे एक कोकरू कोसळलं. त्याचा हात आपोआप तिकडे गेला आणि परत आला. घंटीवाली मधोमध होती. तिला वळवलं तरच बाकीची वळणार. त्याच्या मनात कुणीतरी ओरडत होतं, तू मारलीस, तू मारलीस. त्याने ते ऐकलं. खरं होतं. त्याने ते नाकारलं नाही आणि त्याच्याकडे धावलाही नाही. टचक, टचक.

घंटीवालीने मान वर केली. तोंडात हिरवा घास तसाच. मुंजाजी तिच्या बाजूने गेला, पाठीवर तळहात ठेवला आणि बांधाकडे चालायला लागला, जसं काही झालंच नव्हतं. चार पावलांनी मागे खुरांचा आवाज सुरू झाला. बायडाबाई पलीकडच्या कडेने तशीच संथ येत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तोंडातून हूं की चूं नव्हतं. सगळं खांड बांधावर यायला किती वेळ लागला, कोण जाणे. मागे वळून बघायचं नाही एवढंच त्याने ठरवलं होतं. दोनदा धप्प असा आवाज आला, तरी वळला नाही.

डॉक्टर आली तेव्हा सहा मेली होती, नऊ धापा टाकत होती. एकेकीच्या मानेची शीर शोधून ती इंजेक्शन देत गेली.

"झोप लागली का काका?" दुसरी सुई भरताना तिने विचारलं. "उन्हात होतं असं."

"हां," बायडाबाई पटकन म्हणाली. "डोळा लागला त्यांचा. लई दमलेत."

मुंजाजीने बायकोकडे बघितलं. रोज टोचून बोलणारी बाई आज त्याला झाकत होती. गप्प बसलं असतं तर भागलं असतं.

"न्हाई म्याडम," तो म्हणाला. "जागा व्हतो. घंटी लांब जाताना ऐकली. मीच जाऊ दिली."

बायडाबाईचा हात मेंढीच्या अंगावर थांबला. "कावून?"

"उठलो तर सुख मोडंल म्हणून."



"मग आता बंद करा ते बसणं," बायडाबाई म्हणाली. "सहा जीव गेले. बास झालं."

"बंद न्हाई करणार, बायडे."

"लाज वाटती का जरा?"

"लई वाटती." त्याने कडवळाकडे बघितलं. "कडवळात व्हतो तवा... डोळ्यापुढं मरत व्हती. काळीज फाटत व्हतं. आन् त्याच्या बी खाली ते निवांतपण व्हतं. राखलं न्हाई, धरलं न्हाई, तरी व्हतं. आजवर मी नुसतं त्याला कुलूप लावून बसलो व्हतो."

"तुमच्या कुलपापायी माझी मेंढरं गेली," बायडाबाई म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरला नाही.

डॉक्टरने पुढच्या मेंढीकडे बोट केलं. मुंजाजी मातीत बसला, मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन मान सरळ धरली. त्याच्याही डोळ्यांतून पाणी लोकरीवर पडत होतं. त्याने ते पुसलं नाही.

"बोल," तो बायकोला म्हणाला. "अजून काय म्हणायचंय ते समदं बोल. मी ऐकतोय."